कोपरे झिजलेलं कार्डच सहीला न्या

मागच्या अंकात मी जुन्या बेसबॉल कार्डांवर खेळाडूंच्या समक्ष सह्या घेण्याच्या छंदाबद्दल लिहिलं होतं. रत्नागिरीत आयुष्यभर तसबिरींना फ्रेमा करणाऱ्या माणसाचा हा अमेरिकन नाद कोण वाचणार, अशी संपादकांना शंका होती. पण पत्रं आली, आणि बहुतेक आपल्या किनाऱ्यावरचीच. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत शंभराहून जास्त वर्षं सिगारेटच्या पाकिटातून, मग च्युइंगमबरोबर, खेळाडूंची चित्रं छापलेली पुठ्ठ्याची कार्डं मिळत आली. ती जमवणारे लाखो आहेत. त्यातले काही त्या कार्डावर त्याच खेळाडूची सही त्याच्यासमोर उभं राहून घेतात. माझी मुलगी मेरीलँडमध्ये राहते, तिच्याकडे उन्हाळा काढता काढता मला ही खोड लागली.

प्रश्न: माझे मामा 1970च्या सुमारास न्यू जर्सीला गेले. यंदा त्यांच्या मुलांनी घर आवरलं आणि बुटाच्या खोक्यात भरलेली कार्डं मला पाठवली. त्यात काळ्या चौकटीची बरीच आहेत आणि जवळपास प्रत्येकावर सही आहे. मामांना एवढे खेळाडू भेटले असतील का? — एक वाचक, संगमेश्वर

उत्तर: मामा भेटले असते तर तुमच्या आईला पत्रातून कळवल्याशिवाय राहिले नसते! या सह्या छापील आहेत. काळ्या चौकटीची कार्डं टॉप्स कंपनीची, 1971 सालची. त्या वर्षी कंपनीने जवळपास प्रत्येक चित्रावर खेळाडूच्या सहीचा छाप मारला होता. 1952, 1959 आणि 1975च्या कार्डांवरही तसाच छाप आहे. नवख्या माणसाची पहिली फसगत इथेच होते.

ओळखायचं कसं? भिंग घेऊन ठिपके बघा, असं सगळे सांगतात. पण तेवढ्याने भागत नाही. चित्र ठिपक्यांचं असतं, पण छापील सही सलग काळ्या रेघेचीही असू शकते. त्यामुळे कार्ड खिडकीपाशी न्या आणि डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा. पेनाची शाई छपाईच्या वर बसते, तिची चमक भोवतालच्या पुठ्ठ्यापेक्षा वेगळी दिसते. बॉलपेन असेल तर दाब पडतो, रेघेला बारीक चर येतो, आणि जिथे एक रेघ दुसरीला छेदते तिथे शाई दाट होते. छापाला यातलं काहीच नसतं. शेवटची खात्री इंटरनेटवर होते. त्याच कार्डाच्या दुसऱ्या प्रतीचा फोटो शोधा. सही त्याच जागी, त्याच वळणाने असेल तर प्रश्न मिटला. माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करत नाही.

एखाद्या कार्डावर छापील सही असून शिवाय दुसरी निळ्या शाईची सही दिसली, तर ते कार्ड बाजूला काढून ठेवा आणि मला त्याचा फोटो पाठवा. आणखी एक. काळ्या चौकटीच्या कार्डांच्या कडेचा काळा रंग टवके उडून पांढरा पडतो. तुमच्याही पडल्या असतील. त्यावर स्केचपेन फिरवू नका. असं रंगवलेलं कार्ड ओळखायला जाणकाराला क्षणभर पुरतो, आणि मग बाकीच्या खोक्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

प्रश्न: काका, मी बोटीवर आहे. मूळ गुहागरचा. आमची बोट अधूनमधून बाल्टिमोरला लागते, कधी दोन दिवस शोअर लीव्ह मिळते. तुमचा लेख वाचून वाटलं की एक तरी सही आणावी. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. कुठे जाऊ, कुणाला गाठू, काय बोलू? — एक खलाशी

उत्तर: तुम्ही नशीबवान आहात, कारण बाल्टिमोर या छंदासाठी फार चांगलं गाव आहे. बंदरावरून कॅम्डन यार्ड्सचं मैदान लांब नाही. 1992 साली उघडलेलं हे मैदान ओरिओल्स संघाचं घर. बेसबॉलचा सर्वांत मोठा खेळाडू बेब रूथ इथूनच काही गल्ल्यांवर जन्मला. त्याच्या वडिलांचा गुत्ता जिथे होता ती जागा आज मैदानाच्या आतच येते. खेळ कळत नसला तरी रूथचं जन्मघर बघून या, तिथे संग्रहालय आहे.

आता कुणाची सही घ्यायची? आजच्या तरुण खेळाडूमागे धावू नका. त्याच्यामागे पोरांची गर्दी असते आणि तुमच्या हातात वेळ नसतो. आपल्याला हवा तो जुना माणूस. ओरिओल्सचा बूग पॉवेल नावाचा धिप्पाड फलंदाज 1970 साली त्याच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. निवृत्तीनंतर त्याच्या नावाने त्याच मैदानाच्या आवारात, यूटॉ स्ट्रीटच्या बाजूला, भाजलेल्या मांसाचं दुकान निघालं, आणि हा गृहस्थ वर्षानुवर्षं सामन्याच्या दिवशी तिथे स्वतः बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सह्या देत आला. त्याचा जन्म 1941चा. आता तो रोज तिथे भेटेलच असं धरून चालू नका, पण विचारून बघा. जिम पामर हा त्याच काळातला मोठा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. तो नंतर याच संघाचा टीव्ही समालोचक झाला. जुनी माणसं अशी मैदानाभोवतीच सापडतात. कुणी समालोचनात, कुणी प्रशिक्षक म्हणून, कुणी संघाने बोलावलेल्या जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यात.

मोठ्या मैदानावर गर्दीचा कंटाळा आला, तर धाकट्या लीगच्या सामन्याला जा. मेरीलँडमध्ये फ्रेडरिक, अ‍ॅबरडीन अशा गावांत छोटी मैदानं आहेत. तिकीट स्वस्त, कठडा बुटका, आणि संघाचा प्रशिक्षक बऱ्याचदा असा कुणीतरी असतो की ज्याचं तीस-चाळीस वर्षांपूर्वी कार्ड निघालेलं असतं. खेळाडूंकडे सगळे धावतात, याला कुणी विचारत नाही. एका मैदानावर मी अशाच एका माजी पिचरपुढे त्याचं जुनं कार्ड धरलं. त्याने ते हातात घेऊन आधी स्वतःचेच केस बघितले, मोठ्याने हसला, शेजारच्या पोरांना बोलावून दाखवलं आणि मग सही केली. असा माणूस गाठायचा असेल तर त्या संघाच्या संकेतस्थळावर प्रशिक्षकांची नावं बघा, आणि त्यांची जुनी कार्डं दुकानातून घेऊन ठेवा. फारसं नाव नसलेल्या खेळाडूचं झिजलेलं जुनं कार्ड थोड्याशा पैशात मिळतं.

मैदानावर दार उघडल्या उघडल्या आत शिरा. सामन्याआधी सराव चालू असतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी प्रेक्षकांना खालच्या कठड्यापर्यंत जाऊ देतात. सामना सुरू व्हायची वेळ जवळ आली की तिथून उठवतात. मोठी पिशवी बहुतेक मैदानं आत नेऊ देत नाहीत, तेव्हा कार्ड कडक प्लास्टिकच्या पाकिटात घालून शर्टाच्या खिशात ठेवा. सहीच्या वेळी मात्र ते पाकिटातून बाहेर काढून, खाली वहीचा कडक पुठ्ठा धरून पुढे करा. हातावर तोललेल्या कार्डावर सही केली की रेघ अडखळते.

आता पेन. अमेरिकन संग्राहक निळ्या शार्पी मार्करवर जीव टाकतात, आणि गुळगुळीत, चकचकीत नव्या कार्डांवर तो ठीकच आहे. पण 1950 ते 1970च्या काळातल्या कार्डांचा पुठ्ठा खरखरीत असतो, शाई पितो. मार्करची रेघ तिथे फुगते, पसरते. अशा कार्डावर निळं बॉलपेन बरं. जेलपेन नको, फाउंटन पेन तर मुळीच नको. सही चित्रातल्या फिक्या भागावर यावी असं बघा. आकाश असेल तिथे, पांढऱ्या गणवेशावर. काळ्या टोपीवर निळी सही केली तर ती फक्त देवाला दिसते. पेनाचं टोपण आधीच काढून ठेवा. सत्तरीतल्या माणसाला टोपणाशी झटापट करायला लावू नये.

काय बोलायचं? आडनावापुढे ‘मिस्टर’ लावून हाक मारा आणि कार्ड एकच पुढे करा. चार कार्डं दिसली की समोरचा ओळखतो, हा विकणारा आहे. मी तर आपणहून सांगतो, वर माझं नाव घाला. विकणाऱ्यांना असली नाव घातलेली सही नको असते, तिला भाव कमी येतो. म्हणूनच ती मागणाऱ्याकडे खेळाडू जरा मऊपणे बघतो. तुम्ही गुहागरहून बोटीने आलात हेही सांगा. वॉशिंग्टनच्या उपनगरातून गाडीने आलेल्या माणसापेक्षा त्याला तुमच्याशी बोलावंसं वाटेल. जेवताना, बायकोबरोबर असताना किंवा स्वच्छतागृहाच्या दारात कुणाला गाठू नका. नाही म्हणाला तर थँक यू म्हणून बाजूला व्हा.

सही झाली की शाई सुकेपर्यंत कार्ड पाकिटात घालू नका. बोटीवर परतल्यावर त्याच रात्री वेगळ्या कागदावर लिहून ठेवा: कोण, कुठे, कोणत्या तारखेला, कुठलं पेन, तो काय बोलला. शक्य असेल तर सही करतानाचा फोटो आणि सामन्याचं तिकीट जोडा. समक्ष घेतलेल्या सहीला तुमच्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो, आणि वीस वर्षांनी तुमच्या मुलाला या कागदाशिवाय काही सिद्ध करता येणार नाही.

याच बंदरातली एक गंमत. ओरिओल्सचा ब्रूक्स रॉबिन्सन हा थोर खेळाडू 2023 साली गेला. त्याने कधी कुणाला सही नाकारली नाही अशी त्याची ख्याती होती. परिणाम असा की एवढ्या मोठ्या माणसाची सही आजही स्वस्तात मिळते. चांगुलपणाची बाजारात ही किंमत! माझ्या मते तुम्ही विकत घ्यायचीच झाली तर पहिली हीच घ्या.

प्रश्न: अमेरिकेला जाणं शक्य नाही. पोस्टाने कार्ड पाठवून सही मागवता येईल का? — एक वाचक, खेड

उत्तर: येईल. तिकडे पुष्कळ जण तसं करतात. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा घालावा लागतो आणि त्यावर अमेरिकन तिकिटं लागतात, ती तिकडच्या नातेवाइकाकडून मागवा. पण कार्ड परत येईल की नाही, आलं तर कधी, हे राम जाणे. आणि सही खेळाडूने केली, की त्याच्या मदतनिसाने, की सही गिरवणाऱ्या यंत्राने, हे तुम्हाला बघायला मिळत नाही. मी या वाटेला जात नाही.

प्रश्न: आमचं घर वेंगुर्ल्याला किनाऱ्यालगत आहे. मुलाने अमेरिकेहून दोन सही केलेली जुनी कार्डं फ्रेम करून पाठवली होती, ती ओटीवर लावली. दोन पावसाळ्यांत त्यांवर तपकिरी ठिपके आले, एक कार्ड काचेला चिकटलंय आणि सही फिकी दिसते. लॅमिनेट करून घेऊ का? — एक वाचक

उत्तर: नको! बाई, हात जोडतो, लॅमिनेशनच्या दुकानाची पायरी चढू नका. तिथे उष्णतेने प्लास्टिक वितळवून कार्डाला कायमचं चिकटवतात. आत राहिलेली ओल आतच राहते, शाई पसरू शकते, आणि ते प्लास्टिक पुन्हा सोडवता येत नाही. माझ्या दुकानात लोक लॅमिनेट केलेले लग्नाचे फोटो घेऊन यायचे, आतून बुरशी लागलेले. त्यांना मी काय सांगणार?

आता एकेक बघू. कार्ड काचेला चिकटलं कारण फ्रेम करणाऱ्याने मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घातला नाही. काच आणि कागद यांच्यात पोकळी लागतेच, आपल्या हवेत तर दुप्पट लागते. ते ओढून काढू नका. सही काचेवर राहील आणि पुठ्ठा हातात येईल. फ्रेम मागून उघडा, मागचा हार्डबोर्ड फेकून द्या, आणि काचेसकट कार्ड कोरड्या, सावलीच्या जागी काही दिवस ठेवा. कधी कधी ते आपोआप सुटतं. नाही सुटलं तर काचेसकट जपा, आणि मुंबईला कागद-संवर्धन करणारं कुणी गाठा. मागचा स्वस्त हार्डबोर्डसुद्धा कागदाचा वैरीच. त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि तो पिवळा पडतो. आमच्या धंद्यात पूर्वी खळ आणि जुनी वर्तमानपत्रं सर्रास वापरत. खळीला कसर लागते, आणि कसरीला सही कुणाची आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

ठिपक्यांना हात लावू नका. वर बुरशीची पूड दिसत असेल तर कार्ड पूर्ण सुकल्यावर मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर, हलकेच झटका. ओलं फडकं, खोडरबर, सॅनिटायझर यांपैकी काहीही नको. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. एका पुसण्यात सही नाहीशी होईल.

सही फिकी झाली ती उन्हाने. समुद्राकडे तोंड असलेल्या ओटीवर सूर्य थेट येत नसला तरी पाण्यावरून, वाळूवरून उजेड येतोच. गेलेला रंग परत येत नाही. पुढे भिंतीवर लावायचंच असेल तर कार्डाची चांगली रंगीत प्रत लावा. पाहुण्याला फरक कळत नाही. मूळ कार्ड अंधारात राहू द्या.

अंधारात म्हणजे कसं, ते सांगतो. आधी पातळ पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट, त्यावर टॉपलोडर, म्हणजे वरून उघडं असलेलं कडक प्लास्टिकचं पाकीट. पीव्हीसीचे अल्बम, ज्यांना उघडल्यावर वास येतो, ते अजिबात नको. काही वर्षांनी त्यांतून चिकट द्रव सुटतो. टॉपलोडर रबरी झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या. ओल प्यायली की दाणे हिरवे पडतात. मग स्वयंपाकाला न लागणाऱ्या भांड्यात मंद आचेवर तापवले की पुन्हा नारिंगी होतात. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका. काटा पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास राहिला की झालं. त्याहून फार कोरडंही करू नका, पुठ्ठा वाकतो. आपल्याकडे जुलैत बाहेरची आर्द्रता नव्वदीला टेकते, तेव्हा हे यंत्र मन लावून काम करतं. डांबरगोळ्या घालू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात.

आणि डबा भरायचा तो थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत, सकाळचं दव उडून गेल्यावर. लोक मे महिन्याच्या शेवटी, मळभ आल्यावर धावपळ करून भरतात आणि ओल स्वतःच्या हाताने आत कोंडून घेतात. एकदा झाकण लावलं की नवरात्र येईपर्यंत कुणालाही दाखवायला उघडू नका. गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतील, आग्रह करतील. त्यांना भिंतीवरची प्रत दाखवा.

प्रश्न: मी बँकेतून निवृत्त. सरळ हिशेबाचा प्रश्न विचारतो. जुन्या कार्डावर पेनाने सही केली तर त्याची किंमत वाढते की घटते? — एक वाचक, दापोली

उत्तर: कार्डावर अवलंबून आहे. कोरं करकरीत, धारदार कोपऱ्यांचं जुनं कार्ड असेल तर त्याची किंमत त्या कोरेपणालाच असते. ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या कोपरे, कडा, छपाई किती मध्यावर आहे हे सगळं पाहून एक ते दहा असे गुण देतात. अशा कार्डावर शाई म्हणजे एकेकाळी सरळसरळ डाग मानला जाई. आता कार्डाला आणि सहीला वेगवेगळे गुण देण्याची पद्धत आहे, तरी उत्तम स्थितीतल्या मौल्यवान कार्डावर मी कुणाला पेन टेकवू देणार नाही.

उलट ज्याचे कोपरे गोल झालेत, मधे घडी आहे, मागे च्युइंगमच्या कागदाचं मेण लागलंय, ते कार्ड बाजारात पडून असतं. सहीला तेच न्या. 1991पर्यंत टॉप्सच्या पाकिटात च्युइंगमची वडी असायची, तिचा डाग शेवटच्या कार्डावर उमटायचा. असलं डागाळलेलं कार्ड कुणातरी पोराच्या हाताखालून गेलेलं असतं, सायकलच्या चाकात अडकवलेलंही असू शकतं. त्यावर सही आली की घसरलेली किंमत वर येते, आणि ती वाढ तुमच्या पायपिटीची असते. हिशेब लावायचाच तर असा लावा. मात्र फायद्यासाठी हे करणार असाल तर पोस्टात मुदत ठेव ठेवा, तुम्हाला व्याजदर माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे.

एक अपवाद सांगतो. काही कार्डांवर दोन खेळाडू असतात. 1968च्या टॉप्समध्ये नोलन रायन आणि जेरी कूझमन हे दोघे नवखे पिचर एकाच कार्डावर आहेत. रायन पुढे फार मोठा झाला. त्यामुळे हे कार्ड झिजलेलं असलं तरी स्वस्त नाही. दोघांच्याही सह्या एकाच कार्डावर घेणाऱ्याला दोन माणसं, दोन गावं आणि एकच पुठ्ठा सांभाळावा लागतो. माझ्याकडे ते नाही. असतं तर मी ते घराबाहेर काढलं नसतं.

प्रश्न: ऑनलाइन एका माणसाने मिकी मँटलच्या 1952च्या कार्डाची ऑफर दिली आहे. सही केलेलं, सोबत प्रमाणपत्र, चाळीस हजार रुपये. घेऊ का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर: नका घेऊ.

कारण हवं असेल तर ऐका. मँटल हा न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा गाजलेला फलंदाज. 1952च्या टॉप्समधलं 311 क्रमांकाचं हे मँटलचं कार्ड, सही नसलेलं पण अप्रतिम स्थितीतलं, 2022 साली 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. त्या वर्षीची शेवटच्या टप्प्यातली कार्डं खपली नाहीत, आणि कंपनीच्या साय बर्गर यांनीच पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे 1960 साली उरलेली खोकी तराफ्यावर घालून न्यू जर्सीजवळच्या समुद्रात बुडवली. म्हणून हे कार्ड इतकं दुर्मीळ. मार खाल्लेल्या खऱ्या प्रतीलाही तुमच्या आकड्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, वर सही असेल तर विचारूच नका. तुम्हाला दाखवलंय ते बहुधा 1983 साली कंपनीनेच काढलेलं पुनर्मुद्रण असावं. ते सहज ओळखता येतं. 1952चं मूळ कार्ड आजच्या कार्डापेक्षा मोठं, पावणेचार इंच उंच असतं. पुनर्मुद्रण साडेतीन इंच भरतं. पट्टी लावून फोटो मागा, माणूस गप्प होईल.

सहीचं म्हणाल तर मँटल 1995 साली वारला. त्यानंतर त्याच्या नावाने सह्या करणारे मात्र पुष्कळ जगले. 1990च्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाने खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. सॅन डिएगोच्या टोनी ग्विन या खेळाडूला तर स्वतःच्याच संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या सापडल्या होत्या. आणि त्या टोळीच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल होते. कलकत्त्यात रुग्णांची सेवा सोडून मदर चेंडूंवर सह्या करत बसल्या होत्या, असं मानून कुणीतरी पैसे मोजले असतील!

प्रमाणपत्र विकणाऱ्यानेच दिलं असेल तर त्याची किंमत कागदाएवढीच. पीएसए, जेएसए, बेकेट अशा त्रयस्थ कंपन्यांच्या प्रमाणपत्रावर क्रमांक असतो. तो त्यांच्या संकेतस्थळावर घालून पाहता येतो, आणि तिथलं वर्णन किंवा फोटो हातातल्या कार्डाशी जुळायला हवा. तेही तज्ज्ञाचं मत असतं, डोळ्यांदेखत झालेली सही नव्हे. म्हणून तर मी स्वतः रांगेत उभा राहतो.

प्रश्न: आजोबा, मी मालवणला सहावीत आहे. आमच्याकडे बेसबॉल कोण खेळत नाही. पण क्रिकेटचे मोठे खेळाडू कधी कधी स्पर्धेच्या उद्घाटनाला येतात. क्रिकेटची कार्डं कुठे मिळतात? मी कशावर सही घेऊ? — एक वाचक

उत्तर: बाय माझी, तुझा प्रश्न या सगळ्यांत शहाणा आहे. इंग्लंडमध्ये प्लेयर्स या सिगारेट कंपनीने 1934 आणि 1938 साली क्रिकेटपटूंच्या पन्नास-पन्नास कार्डांचे संच काढले होते. ते अजून मिळतात आणि फार महाग नाहीत, पण त्यावरचे खेळाडू आता हयात नाहीत. आपल्याकडे तुझ्या आईबाबांच्या लहानपणी बिग फन नावाच्या बबलगममधून क्रिकेटची चित्रं यायची. घरात कुठे जुन्या वहीत सापडतात का बघ. सापडलं आणि तो खेळाडू कधी समोर आला, तर त्याच्याइतका आनंद दुसऱ्या कुणाला होणार नाही. पण तो कागद पातळ आणि गुळगुळीत असतो, तेव्हा बॉलपेन न वापरता बारीक टोकाचा मार्कर ने.

नाहीतर फोटो स्टुडिओत जाऊन त्या खेळाडूचा त्याच्या तरुणपणीचा फोटो पोस्टकार्डाच्या आकारात, मॅट कागदावर छापून घे. दिलीप वेंगसरकरांचा जन्म आपल्या राजापूरचा, आणि लॉर्ड्सवर त्यांनी 1979, 1982 आणि 1986 अशी तीन कसोटी शतकं ठोकली. असा माणूस समोर आला तर नुसत्या वहीचं पान पुढे करायचं नाही, लॉर्ड्सचाच फोटो न्यायचा. आपण अभ्यास करून आलोय हे त्यांना लगेच कळतं. वर्तमानपत्राचं कात्रण नको, ते काही वर्षांत पिवळं पडून तुटतं. बॅटवर, टोपीवर, हातावरही नको.

आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याइतकीच, त्या स्पर्धेत खेळणाऱ्या तुमच्या वाडीतल्या अंडरआर्मच्या बॉलरचीही सही घे. त्याच्या सहीला भाव नाही असं लोक म्हणतील, म्हणू देत. त्याचा फोटो कुणीच जपत नाही, म्हणून तो तुझ्या संग्रहात हवा. फोटोच्या मागे पेन्सिलने तारीख आणि मैदानाचं नाव लिही, पेनाने लिहिलंस तर पुढे उमटेल. पेन मात्र तुझं तू परत मागून घे. मोठी माणसं सही करून झाल्यावर ते हमखास आपल्याच खिशाला लावून जातात.